एसकेए दुर्बिणीचं काम भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला मिळू शकतं का? कुणाला अनुभव?

पत्रेवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जाणारा, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझं भोसरी एमआयडीसीत शीट मेटलचं वर्कशॉप आहे. एक सीएनसी बेंडिंग, एक म्हातारी शिअरिंग मशीन, लेझर कटिंग बाहेरून, पावडर कोटिंग शेजारच्या गाळ्यात. चौदा माणसं. कंट्रोल पॅनलचे बॉक्स हे मुख्य काम, थोडंफार टेलिकॉमचं. तर झालं असं की मुलीच्या शाळेची सहल खोडदला जीएमआरटी (नारायणगावजवळची मोठी रेडिओ दुर्बीण) बघायला निघाली, बसमध्ये दोन मोठी माणसं हवी होती आणि बाकीचे सगळे बाबा नेमके त्याच दिवशी बिझी निघाले, म्हणून मी गेलो. पोरं डिश बघून येडी झाली, माझी नजर मात्र भलतीकडेच. तिथे आत शिरायच्या आधी मोबाईल बंद करायला लावतात. माहिती देणारे म्हणाले की आमची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा आम्ही शिल्डेड खोल्यांत, शिल्डेड कपाटांत कोंडून ठेवतो, नाहीतर दुर्बीण आकाश सोडून आपल्याच कॉम्प्युटरची कुरकुर ऐकत बसेल.

आता ते कपाट म्हणजे माझ्या दृष्टीने पत्र्याचा बॉक्सच की हो!

घरी येऊन वाचायला बसलो तर कळलं की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत एसकेए नावाची अजस्र रेडिओ दुर्बीण बांधतायत, आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या सरकारने त्यात सामील व्हायला १२५० कोटी मंजूर केल्याचं जाहीर केलंय, सात वर्षांसाठी. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हे पैसे कुठे जातात, आपल्यासारख्या छोट्या माणसापर्यंत त्यातलं काही येतं का, की मोठ्या कंपन्या आणि परदेशी पार्ट्याच सगळं घेऊन जातात, आणि ही शास्त्रज्ञ मंडळी सप्लायरशी बोलतात तरी कशी, ड्रॉइंग देतात का नुसतं तोंडी सांगतात? कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर सांगा. गूगलवरचं सगळं वाचून झालंय, ते नको.

---

शंकेखोर

दादा, १२५० कोटीत तुमच्या वाट्याला आली तर सहलीची बस येईल. हलके घ्या. पण खरंच विचारतो, शास्त्रज्ञांना कंपन्या लागतातच कशाला? इस्रोसारखं स्वतःच का नाही करत?

---

नारायणगावचे_नाना

शंकेखोर, इस्रोसुद्धा सगळं स्वतः करत नाही, त्यांच्या मागे शेकडो कारखाने उभे आहेत. असो, मुद्द्यावर येतो.

मी ९१ ते ९५ खोडदच्या साइटवर होतो, एका फॅब्रिकेशन ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून. वय तेव्हा २६. आमच्या भागात एवढं लोखंड त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एखाद किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना वाय अक्षरासारख्या लांबपर्यंत, टोकं एकमेकांपासून २५ किलोमीटर. म्हणजे अर्धी साइट शेतांतून आणि ओढ्यांतून. सामान पोचवणं हेच एक काम होतं.

आता कंपन्यांचं विचारलंत तर त्या काळातही हे काम एकट्या टीआयएफआरचं (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) नव्हतं. कल्पना तिथल्या शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप साहेबांची. डिशच्या सांगाड्याचं इंजिनिअरिंग डिझाइन टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सनी केलं, डिश फिरवायची सर्वो सिस्टीम बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्र) दिली, २१ सेंटीमीटर लहरींचे फीड (डिशने गोळा केलेल्या लहरी पकडणारे अँटेना) बंगलोरच्या रामन इन्स्टिट्यूटने बनवले. आणि प्रत्यक्ष घाम गाळायला आमच्यासारखे ठेकेदार. स्वरूप साहेबांना ही सवय उटीपासूनची. उटीची दुर्बीण १९७० ची, ५३० मीटर लांब, डोंगराच्या उतारावर, उतार बरोबर तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे ११ अंश, त्यामुळे तिचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर. तिच्यावर ११०० बारीक स्टीलच्या तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या आहेत. त्या वेळी देशात असलं काम आधी कुणीच केलेलं नव्हतं, तरी देशातल्याच इंजिनिअरिंग कंपन्यांकडून करून घेतलं.

खोडदची खरी गंमत जाळीत आहे. बाहेरच्या देशात एवढी मोठी डिश म्हणजे पाठीमागे अवजड सांगाडा आणि पुढे भरीव पत्रा. तसं इथे केलं असतं तर पैसा कुठून आणायचा? म्हणून साहेबांनी डोकं लावलं, सोळा परवलयाकार फ्रेम, त्यांच्यामध्ये ताणलेल्या स्टीलच्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जाळी. जाळीची तार ०.५५ मिलिमीटर. शिवणाच्या सुईएवढी म्हणा. भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची आणि कडेला जात जात २० ची. रेडिओ लहरी २१ सेंटीमीटरच्या नाहीतर त्याहून लांब, त्यांना ही भोकं दिसतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. वारा अडला नाही की सांगाडा हलका, सांगाडा हलका की मोटर लहान, फाउंडेशन लहान, सगळंच स्वस्त.

पहिल्या डिशला जाळी चढली तेव्हा आमच्या गावचा एक म्हातारा बघायला आला होता. बराच वेळ मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढी मोठी गाळणी करून गाळणार काय?" साइटवर पुढे वर्षभर डिशला गाळणीच म्हणायचे.

पत्रेवाले, तुमच्या कामाचं सांगतो. ड्रॉइंग मिळायचं, व्यवस्थित मिळायचं. पण ड्रॉइंगवर जे नसतं तिथेच घोडं पेंड खातं. आम्ही नेहमीच्या शेड उभ्या करणारी माणसं, आमच्या लेखी चारपाच मिलिमीटर इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही. तिथे एक तरुण इंजिनिअर थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन यायचा आणि दोरीचा ताण पुन्हा पुन्हा मोजायचा. आमचे फिटर वैतागायचे. मग एका दुपारी त्याने सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि जमिनीवर काठीने वाटी काढून दाखवलं की वरून आलेली लहर वाटीच्या या बाजूला लागली काय किंवा त्या बाजूला, वरच्या फीडपर्यंत सगळ्यांनी सारखंच अंतर चाललं पाहिजे, एक मागे राहिली की दुसरीला मारते. तेव्हापासून फिटर स्वतःच म्हणायला लागले, "साहेब, हिचं अंतर बघा जरा." कंपनीला कामात सामील करून घेणं म्हणजे मी तेवढंच समजतो. पीओ (खरेदीची ऑर्डर) तर कुणीही काढतो.

---

कोथरूडची_कोडर

नाना, तुमचं लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. मी तुमच्या मानाने एसीत बसून काम केलेली 🙂

पत्रेवाले दादा, पैसे कुठे जातात त्याबद्दल थोडं. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते (नाव नको), आमची टीम दुर्बिणीच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करायची. एसकेएमध्ये भारताचा मोठा वाटा सॉफ्टवेअरचाच आहे. दुर्बिणीचा मेंदू म्हणा, म्हणजे कुठल्या डिशने कधी कुठे बघायचं, कोण बिघडलंय, कुणाला थांबवायचं. त्याचं डिझाइन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे (जीएमआरटी चालवणारी संस्था) होतं, सोबत टीसीएस आणि पर्सिस्टंट. २०१८ मध्ये ते डिझाइन मोठ्या रिव्ह्यूतून पास झालं. आणि हे काही आकाशातून पडलं नाही, आधी जीएमआरटीच्याच नव्या कंट्रोल सिस्टीमवर टीसीएसच्या रिसर्चवाल्यांनी हात बसवला होता. म्हणजे खोडद ही आपल्या कंपन्यांची तालीम झाली.

आता १२५० कोटींचं. एसकेएच्या करारातच असं आहे की जो देश जेवढा पैसा टाकेल साधारण त्या प्रमाणात काम त्या देशातल्या उद्योगांकडे परत यावं. त्यामुळे सगळे रोख पैसे परदेशात पाठवले आणि आपण टाळ्या वाजवल्या असं होत नाही. पण कुठलं काम कुठल्या देशाकडे हे आधीच बरंचसं ठरलेलं असतं. मधल्या फ्रिक्वेन्सीच्या डिशचं मुख्य काम चीनकडे गेलं, कमी फ्रिक्वेन्सीचे अँटेना इटलीच्या कंपनीचे. आपल्याकडे सॉफ्टवेअर, आणि इथे भारतात एक डेटा सेंटरही व्हायचंय. त्यामुळे "एसकेएचा बॉक्स भोसरीतून" हे थेट होईल असं मला वाटत नाही, खोटी आशा दाखवत नाही.

पण नानांचा जो मुद्दा आहे ना, झाडाखाली बसवण्याचा, तो सॉफ्टवेअरलाही शंभर टक्के लागू. आमचा एक किस्सा. रिक्वायरमेंटमध्ये एक ओळ होती की वाऱ्याचा वेग मर्यादेच्या वर गेला की डिश सुरक्षित स्थितीत न्यायची, म्हणजे तोंड आकाशाकडे करून उभी. मी कोड लिहिला, टेस्ट पास, मी खूश. मग सिम्युलेटरवर एक रात्रभराचं निरीक्षण चालवलं. वारामापकाच्या नकली डेटात कुणीतरी मुद्दाम एका सेकंदाचा खोटा आकडा टाकला होता. एक सेकंद! आणि माझ्या सगळ्या डिश शिस्तीत मान वर करून उभ्या, निरीक्षण बंद, रात्र वाया. खरी रात्र नव्हती म्हणून बचावले. वैज्ञानिक बाई शांतपणे म्हणाल्या, "तू जे लिहिलंय ते बरोबर आहे, आम्ही जे लिहिलं ते अर्धवट होतं." किती सेकंद टिकला तर खरा वारा मानायचा, एकच मापक बोंबलत असेल तर काय करायचं, हे त्यांच्या ऑपरेटरला इतकं पाठ होतं की कागदावर लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यानंतर मी हट्टाने खोडदच्या कंट्रोल रूममध्ये एक रात्र बसून आले. ऑपरेटर काका डबा खाता खाता एका नजरेत सांगायचे की हा अलार्म खरा आणि हा नुसता ओरडतोय. चार महिन्यांच्या मीटिंगमध्ये जे कळलं नव्हतं ते एका रात्रीत कळलं. एसकेएमध्ये दर तीन महिन्यांनी सगळ्या देशांच्या टीम एकत्र बसून पुढच्या कामाची आखणी करतात, ती पद्धत चांगली आहे, पण डब्याची सर तिला नाही.

---

पर्थकर

मी पर्थला असतो. कमी फ्रिक्वेन्सीवाला भाग इथून उत्तरेला आठेकशे किलोमीटरवर मर्चिसनच्या माळरानात होतोय, वजारी यमाजी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, त्यांनीच त्या जागेला त्यांच्या भाषेतलं नाव दिलंय. १,३१,०७२ अँटेना! ५१२ गट आणि प्रत्येकात २५६. एकेक अँटेना माणसाहून थोडी उंच, तारांच्या ख्रिसमस ट्रीसारखी. डिश वगैरे काही नाही, काहीच हलत नाही. २०२४ मध्ये लावायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या मार्चमध्ये पहिल्या हजारभर अँटेनांनी पहिलं चित्रसुद्धा काढलं.

उद्योगाच्या दृष्टीने बघा, नानांच्या ३० डिश म्हणजे ३० वेळा केलेलं शिल्प. हे म्हणजे सव्वा लाख एकसारख्या वस्तू. इथे शास्त्रज्ञ काही कामाचा नाही, इथे रोज हजारो एकसारखे पार्ट काढणारा कारखानदारच पाहिजे. एका अँटेनाला एक स्क्रू जास्त लागला की सव्वा लाख स्क्रू आणि ते बसवायला उन्हात उभी असलेली माणसं.

---

पत्रेवाला_भोसरी

वा! एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. ताई, खरं सांगितलंत ते बरं केलंत. एसकेए नाही तर नाही, पण जीएमआरटी आहे, बाकी संशोधन संस्था आहेत, तिथे तरी शिल्डेड बॉक्स लागतच असतील ना.

काल रात्री उत्साहात एक प्रयोग केला. आमचा सर्वात चांगला बॉक्स, २ मिलिमीटर सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा पत्रा), दाराला रबर गॅस्केट, पाण्याचा थेंब आत जात नाही, धुळीची टेस्ट पास झालेला. त्यात मोबाईल ठेवला, दार बंद केलं, कुलूप लावलं आणि बायकोच्या फोनवरून रिंग दिली.

वाजला की हो. खणखणीत. बायको म्हणाली पाणी जात नाही पण माझा फोन जातो, म्हणजे बॉक्स चांगलाच आहे.

---

ईएमआय_काका

पत्रेवाले, वहिनींना नमस्कार सांगा. मी एका टेस्ट लॅबमधून रिटायर झालोय, आयुष्यभर हेच केलं, बॉक्समधून काय गळतंय ते शोधणं.

तुमच्या बॉक्समध्ये पत्र्याचा काही दोष नाही. २ मिलिमीटर पत्र्यातून त्या फ्रिक्वेन्सीला काही जात नाही, अर्धा मिलिमीटर असता तरी चाललं असतं. गळती सगळी फटीतून. पाणी अडवणारं रबर रेडिओला काचेसारखं आहे, म्हणजे तुमच्या दाराभोवती चारही बाजूंनी लांबलचक खिडकी उघडी आहे. लक्षात ठेवा, भोकाचं क्षेत्रफळ बघू नका, लांबी बघा. केसाएवढी फट पण ३० सेंटीमीटर लांब असेल तर ती मस्त अँटेना झाली. ढोबळ हिशोब असा की सर्वात आखूड लहरीच्या विसाव्या भागापेक्षा फट लांब नको. २१ सेंटीमीटरला धरलं तर सेंटीमीटरभर. तेसुद्धा कामचलाऊ.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे निम्मे शीट मेटलवाले आपटतात: पावडर कोटिंग. तुम्ही काळजीने सगळा बॉक्स सुंदर कोट करून आणता, दाराच्या चौकटीची कडसुद्धा. कोट म्हणजे प्लास्टिक, म्हणजे दार आणि चौकट यांचा विजेचा संबंधच तुटला. जिथे कंडक्टिव्ह (वीज वाहणारी) गॅस्केट टेकणार ती पट्टी कोटिंगच्या आधी मास्क करायची, म्हणजे टेपने झाकायची, खाली झिंक किंवा टिनचं प्लेटिंग उघडं ठेवायचं. नंतर ग्राइंडरने खरवडू नका, सहा महिन्यांत गंजतं आणि गळती परत सुरू. वारंवार उघडणाऱ्या दाराला बेरिलियम कॉपरची बोटं (स्प्रिंगसारख्या बारीक पट्ट्या) लावतात, त्याला हात लावताना जपून, वाकलं एक बोट की गेलं.

हवा खेळायला भोकं पाहिजेत तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी मिळते, प्रत्येक भोक म्हणजे छोटा बोगदा. बोगद्याच्या रुंदीपेक्षा लांबी तीनचार पट ठेवली की लहर आतल्या आत मरते, हवा मात्र जाते. आणि केबल! अख्खा बॉक्स किल्ल्यासारखा केलात आणि एक साधी पॉवरची वायर भोकातून आत घेतलीत तर किल्ल्याला दोर लावून ठेवल्यासारखं आहे, शत्रू त्यावरून चढतो. तिथे भिंतीवरच फिल्टर बसवायचा, आत सहा इंचांवर नाही.

हे सगळं एवढं का, तर तुम्हाला एक हिशोब देतो. साधा एक वॉटचा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू ठेवला तर इथल्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. चंद्रावर! आणि तुम्ही कॉम्प्युटर ठेवणार डिशपासून हाकेच्या अंतरावर.

आणि फोनच्या टेस्टवर विसंबू नका. तुमच्याकडे टॉवर जवळ असेल तर सिग्नल भरपूर असतो, पण ४०-५० डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला त्याचं माप) अडवलं की बहुतेक फोन मुके होतात. दुर्बिणीवाले ८० किंवा त्याहून जास्त मागतील. ८० डीबी म्हणजे दहा कोटी पट. फोन मुका झाला म्हणून नाचायला लागलात तर लॅबमध्ये रडाल.

---

शंकेखोर

काका, मानलं. एवढं कळतंय तर माझा आधीचा प्रश्न परत घेतो, कंपन्या लागतात. पण मग आणखी एक, एकदा कंपनीला काम दिलं की शास्त्रज्ञ मोकळे का? पैसे दिले, वस्तू आली, संपलं.

---

दुर्बीणवेडा

असं झालं असतं तर काय हवं होतं! जगभरात याच्या कहाण्या आहेत.

सर्वात जुनी जोड्रेल बँकची, इंग्लंडमध्ये. लोव्हेल शास्त्रज्ञ आणि हसबंड नावाचा शेफील्डचा इंजिनिअर, ७६ मीटरची फिरती डिश, १९५२ ला सुरू आणि १९५७ ला उभी. पैसे कमी म्हणून डिश वरखाली करायला भंगारात निघालेल्या लढाऊ जहाजांच्या तोफांच्या बुरुजांचे दाते वापरले. रॉयल सॉव्हरिन आणि रिव्हेंज ही ती जहाजं. तरी बजेट हाताबाहेर गेलंच, कारण काम चालू असताना शास्त्रज्ञांना आणखी आखूड लहरी बघायच्या सुचल्या आणि पृष्ठभागाचं डिझाइन बदललं. कर्ज एवढं झालं की लोव्हेल जेलमध्ये जाणार अशी बोलणी. वाचवलं कुणी, तर १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये उडालेल्या स्पुटनिकने, कारण त्याच्या रॉकेटचा माग रडारने काढू शकणारं तेच एक यंत्र होतं, मग रातोरात सगळ्यांना दुर्बिणीचा अभिमान वाटायला लागला. उरलेलं कर्ज शेवटी १९६० मध्ये लॉर्ड नफील्डने फेडलं, मोटारींचा कारखानदार. बघा, तिथेही शेवटी उद्योगपतीच.

दुसरी अमेरिकेतली ग्रीन बँक. जुनी ३०० फुटी दुर्बीण १९८८ मध्ये एका रात्री अचानक कोसळली, घाईघाईने नवी १०० मीटरची मंजूर झाली, कंपनीला ठरलेल्या किमतीचं कंत्राट दिलं, साडेपाच कोटी डॉलर. डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी ठरलेली किंमत! पुढे काय होणार ते भोसरीतला कुणीही सांगेल. काम वर्षानुवर्षं लांबलं, उद्घाटन ऑगस्ट २००० ला, आणि जास्तीचा खर्च कुणी द्यायचा हे भांडण लवादापर्यंत गेलं. दुर्बीण मात्र झकास झाली, आजही चालू आहे.

आणि चिलीतली आल्मा तर मजेशीर. ६६ अँटेना, पण एका कंपनीच्या नाहीत. अमेरिकेने आपल्या २५ एकाकडून घेतल्या, युरोपने आपल्या २५ दुसऱ्या गटाकडून, जपानने १६ तिसऱ्याकडून, कारण प्रत्येकाला पैसा आपल्या घरात हवा होता. म्हणजे तीन प्रकारचे स्पेअर, तीन प्रकारची मॅन्युअल, आणि ते सगळं पाच हजार मीटर उंचीवर जिथे माणसाला श्वास घ्यायला त्रास. कोथरूडच्या ताई म्हणाल्या तो "ज्याचा पैसा त्याला काम" नियम कागदावर गोड वाटतो, त्याचं बिल असं नंतर येतं. मला विचाराल तर तरीही तो नियम हवा. नाहीतर गरीब देश फक्त वर्गणी देणार.

---

खरेदी_विभागातला

मी एका सरकारी संशोधन संस्थेत परचेसला आहे, दुर्बिणीशी संबंध नाही, पण पत्रेवाल्यांना व्यवहाराचं सांगतो कारण ते इथे कुणीच बोललं नाही.

टेंडर दोन पाकिटांचं येतं. पहिल्यात टेक्निकल, दुसऱ्यात किंमत. टेक्निकलमध्ये पास झालेल्यांत सर्वात कमी किमतीचा तो एल वन, काम त्याचं. आता गोम कुठे आहे? शास्त्रज्ञ साहेब भल्या मनाने तुमच्याकडे येतात, तुम्ही वर्षभर त्यांच्याबरोबर बसून चार सॅम्पल बनवता, तीन फेकता, चौथं जमतं. मग त्यावरून स्पेसिफिकेशन लिहिलं जातं, टेंडर निघतं आणि तुमच्यापेक्षा हजार रुपयांनी कमी भरणारा तिसराच कुणीतरी घेऊन जातो. तुमची वर्षभराची मेहनत लष्कराच्या भाकऱ्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सॅम्पल फुकट करू नका. छोटी का होईना, डेव्हलपमेंटची वेगळी ऑर्डर मागा, ती देता येते, साहेबांना माहीत नसतं एवढंच. ते लाजतात, तुम्ही लाजू नका.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. मग ईएमडी (टेंडरची अनामत रक्कम) भरावी लागत नाही. तुम्ही उत्पादक असाल आणि तुमची किंमत एल वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर एल वनच्या भावाला उतरून किमान चौथा हिस्सा ऑर्डर तुम्हाला मिळू शकते, अर्थात ऑर्डर वाटता येण्यासारखी असेल तर. पेमेंट कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पण ४५ मोजायला सुरुवात माल स्वीकारल्यापासून. तुम्ही म्हणाल गेटवर चलनावर सही झाली की स्वीकारला. साहेब म्हणतील डिश चालू होऊन बॉक्स टेस्ट झाला की स्वीकारला. मधे पावसाळा, वार्षिक मेंटेनन्स, पीएचडीवाला मुलगा गावाला. कायद्यात असं आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. ही ओळ पाठ करा. आणि पीओ हातात आल्यावर "स्वीकृती" हा शब्द कुठे कुठे आहे ते लाल पेनने गोल करून बघा.

---

नारायणगावचे_नाना

खरेदीवाले, तुम्ही आमच्या वेळी कुठे होतात हो? आमच्या ठेकेदाराची रिटेन्शन मनी (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) सुटायला जो काळ गेला त्यात माझी दोन मुलं शाळेत गेली. (ती मधल्या ठेकेदाराकडे अडकली होती, संस्थेकडे नाही, गैरसमज नको.)

आणखी एक गंमत. दुर्बीण बांधायला कारखाने लागतात, पण दुर्बिणीशेजारी कारखाना नको! आमच्याकडे आसपास काही उद्योग टाकायचा म्हटलं की त्यांचं ना हरकत पत्र लागतं. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा त्यापायी बदलायची वेळ आली. गावात लोक चिडतात, मीही कधी कधी चिडतो. पण मग रात्री शेतावर मोटर चालू करायला गेलो की त्या पांढऱ्या डिश सगळ्या एकाच दिशेला मान करून हळूच सरकत असतात, त्यातल्या तीन-चारांच्या दोऱ्या मी ताणल्यात. राग तेवढ्यापुरता जातो, रेल्वे काही येत नाही.

---

पत्रेवाला_भोसरी

मंडळी, अपडेट देतो.

काकांच्या सांगण्यावरून नवीन बॉक्स केला. छोटा, दीड फुटी. चौकटीची पट्टी मास्क करायला सांगितली तर कोटिंगवाल्याच्या पोराने पहिल्यांदा टेप काढून टाकली आणि सगळंच कोट करून पाठवलं, म्हणाला "शेठ, कडेला राहिलं होतं, मी भरून दिलं." काय बोलणार. दुसरा केला. यावेळी मी स्वतः तिथे उभा राहिलो, आणि नानांसारखं त्या पोराला बसवून मोबाईल दाखवून समजावलं की इथे रंग लागला तर फोन वाजतो, नाही लागला तर नाही वाजत. आता तो पट्टीला बोट पण लावू देत नाही कुणाला. कंडक्टिव्ह गॅस्केट मीटरवर विकत आणली, भाव ऐकून घाम फुटला. दाराला बिजागरीच्या बाजूला दाब कमी पडत होता म्हणून दोन जागी लॉक वाढवलं.

फोन मुका झाला. पूर्ण. बायकोने तीनदा लावून बघितलं.

नाचलो नाही, काका. थोडासाच.

एनसीआरएच्या वेबसाइटवरून टेंडरची जुनी कागदं काढून वाचतोय, त्यांची भाषा हळूहळू कळायला लागलीय. खरेदीवाल्यांच्या ओळी प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवल्यात. लॅबची तारीख पुढच्या बुधवारी मिळालीय, अर्ध्या दिवसाचे पैसे आमच्या महिन्याच्या वीजबिलाएवढे.

---

ईएमआय_काका

बुधवारी मी येतो, मला घरी काही काम नाही. बॉक्स गाडीत घालताना दार उघडं ठेवून बांधू नका, बोटं नसली तरी गॅस्केट चेपते. आणि फिल्टरचं काय केलंत ते लिहिलंच नाही तुम्ही.

---

पत्रेवाला_भोसरी

फिल्टर... आत सहा इंचांवर लावलाय काका 🙈 आत्ताच काढतो.